काळ पहिल्या शब्दाला लागतो

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं परदेशी बायरांचा पत्रव्यवहार पाहिला. आधी फॅक्स, नंतर ईमेल. त्या पत्रांतल्या विशेषणांना कुणी विचारत नव्हतं. 'सुपीरियर क्वालिटी' सगळेच कारखानदार लिहितात. बायर वाचायचा ते क्रियापद. 'वुई शिप', 'वुई आर शिपिंग', 'वुई हॅव शिप्ड', 'वुई विल शिप'. टॉवेल तेच, कापडाच्या वजनाचा जीएसएम तोच, कंटेनरही तोच. पण पहिलं वाक्य वाचून तो म्हणणार, बरं, हा तुमचा नेहमीचा धंदा आहे तर. दुसऱ्यावर म्हणणार, माल भरायला लागलाय. तिसरं वाचलं की गोदामात जागा मोकळी करायला सांगणार. आणि चौथ्यावर विश्वास ठेवणार नाही.

इंग्रजीचे काळ मला खऱ्या अर्थानं कळले ते त्या टेबलावर. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. 2000 सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं. म्हणजे आता संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या पोरांनी माझ्यापेक्षा चार वर्षं आधी एबीसीडी गिरवलेली आहे. तरी वही उघडली की तोच तक्ता निघतो: वर तीन काळ, बाजूला चार प्रकार, मध्ये बारा खण. पोरांना तो पाठ असतो. 'शी हॅड बीन रायटिंग' धडाधडा म्हणून दाखवतात. मग मी विचारतो, 'आई काय करायलीय?' तर म्हणतात, 'मदर डू कुकिंग.'

त्या तक्त्यावर माझा राग आहे, आणि तो उगीच नाही.

मराठीच्या वहीतही असाच बारा खणांचा तक्ता असतो. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. इंग्रजीच्या वहीत सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस. इथंही चार, तिथंही चार. पहिल्या तीन ओळी एकमेकींशी ढोबळमानानं जुळतात, त्यामुळे पोरं धरून चालतात की चौथीही जुळणार. ती अजिबात जुळत नाही. आपला रीती काळ सवय सांगतो: 'आजोबा पहाटेच्या भोंग्याला मिलमध्ये जात असत.' इंग्रजीचा परफेक्ट कंटिन्युअस सवयीबद्दल काही बोलत नाही. एखादी गोष्ट आधी कधीतरी सुरू झाली आणि अमुक क्षणापर्यंत चालत आली, एवढंच तो सांगतो. म्हणून 'जात असत'चं 'हॅड बीन गोइंग' होतं आणि वाक्य रस्ता चुकतं. तिथं हवं असतं 'यूज्ड टु गो', आणि त्याला बारा खणांत कुठंच जागा दिलेली नाही. वर्तमानातली सवय तर पहिल्याच खणात, सिंपल प्रेझेंटमध्ये बसलेली असते, 'ही गोज टु वर्क'. पण त्या खणाचं नाव 'साधा वर्तमान' असल्यानं पोरांना वाटतं, आत्ता या क्षणी जे चाललंय ते इथं लिहायचं.

खरं तर या बाबतीत सोलापूरच्या पोरांना पुण्याच्या पोरांपेक्षा सोपं जायला हवं. पुण्यात 'जातो' आणि 'जातोय' यांत एवढासा 'य'चा फरक, बोलताना तो निसटतोही. आमच्याकडे 'जातो' म्हणजे सवय आणि 'जायलोय' म्हणजे आत्ता पाय रस्त्याला लागलेत. 'काय करायलास बे?' या प्रश्नाला 'मी ट्यूशन घेतो' असं उत्तर कुणी देत नाही, 'जेवायलोय' असंच येतं. मराठीच्या बाईंनी ज्या 'यलोय'साठी वहीत लाल रेघ मारली, तोच इंग्रजीत 'ॲम' आणि 'आयएनजी' होऊन येतो. मी पोरांना पहिल्या दिवशी सांगतो की तोंडात 'यलोय, यलास, यलाय' आलं की 'ॲम, आर, इज' लावा. व्याकरणाचा तास तिथं निम्मा संपतो.

उरलेला निम्मा नळावर भागतो. उजनी भरलं काय, न भरलं काय, आमच्या नळाला पाणी काही दिवसांच्या खंडानं येतं, आणि 'पाण्याचा दिवस' नावाचा एक वार सोलापूरच्या आठवड्यात कायम हिंडता असतो. कन्ना चौकाकडच्या एका पद्मशाली घरातली मुलगी माझ्याकडे येते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेत दोन्हींवर इंग्रजी. तिला मी परफेक्ट टेन्स शिकवला तो घागरीवर. 'पाणी आलंय' असं कुणी ओरडलं तर तू काय करतेस? पळते. 'पाणी आलं होतं' म्हटलं तर? कपाळावर हात मारते. झालं की! 'हॅज कम' म्हणजे आलं आणि त्याचा परिणाम अजून नळात आहे, भर घागरी. 'हॅड कम' म्हणजे तू उठायच्या आधीच येऊन गेलं. 'वॉज कमिंग' म्हणजे येत होतं, तेवढ्यात मोटर लावायला गेलो आणि लाईट गेली. 'आलंय'मध्ये 'आलं'च्या पाठीला 'आहे' चिकटलेलं आहे, आणि ते 'आहे' आत्ताचं आहे. इंग्रजीच्या 'हॅज'चंही काम तेच. घटना मागची, बोट आत्तावर. वर्तमानकाळाच्या ओळीत 'पूर्ण' हा प्रकार कसा काय असू शकतो, हा पोरांचा जुना आणि अगदी रास्त प्रश्न त्यातून सुटतो.

आता बनावट. बारा खण पाठ करण्यापेक्षा चार गोष्टींचा क्रम लक्षात ठेवायचा. सगळ्यात पुढे 'विल'सारखा शब्द, मग 'हॅव', मग 'बी', आणि शेवटी खरं काम सांगणारं क्रियापद. यातल्या पहिल्या तिघांपैकी कुठलाही गळू शकतो, पण क्रम मोडत नाही. आणि प्रत्येकजण आपल्या मागच्याचं रूप ठरवतो. 'विल'च्या मागचा मूळ रूपात येतो: विल गो. 'हॅव'च्या मागचा तिसऱ्या रूपात: हॅव गॉन. 'बी'च्या मागचा 'आयएनजी' घेऊन: बी गोइंग. तिन्ही एकदम लावले की 'विल हॅव बीन गोइंग'. 'विल'नं 'हॅव'ला मूळ रूपात ठेवलं, 'हॅव'नं 'बी'चं 'बीन' केलं, 'बी'नं 'गो'ला 'गोइंग' केलं. बारावा खण तयार झाला, आणि तो पाठ करावा लागला नाही. कर्मणी करायचं तर शेवटच्या क्रियापदाच्या आधी आणखी एक 'बी' येतो आणि मागच्याला तिसरं रूप देतो. 'द टॉवेल्स आर बीइंग पॅक्ड' हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा लिहिलं की माझ्या वाट्याची सगळी कर्मणी वाक्यं त्यातच संपली असावीत.

आणि काळ लागतो तो फक्त पहिल्याला. पोरांना मी एवढा एकच नियम पाठ करायला लावतो. 'हॅज बीन गोइंग'मध्ये वर्तमान कुठं आहे? 'हॅज'मध्ये. भूत करायचा तर 'हॅज'चं 'हॅड' करा, मागच्यांना हात लावू नका. 'इज कमिंग'चं 'वॉज कमिंग'. आपण मराठीत 'येत होती' म्हणताना 'होती'ला काळ लावतो, 'येत' जिथल्या तिथं राहतं. फरक एवढाच की आपण काळ शेवटी टांगतो आणि ते सुरुवातीलाच सांगून मोकळे होतात.

हा नियम कळला की 'डिड'चं दुखणं आपोआप बरं होतं. 'आय डिड नॉट वेन्ट' हे वाक्य सोलापुरातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात ऐकू येतं. पोराचं डोकं म्हणतं, गोष्ट कालची आहे, मग 'वेन्ट' हवंच. पण नकार किंवा प्रश्न करायचा झाला की इंग्रजी 'डू'ला पुढे उभा करते. 'डू' पहिला झाला, तर काळही त्यालाच लागणार, तो 'डिड' होणार, आणि 'वेन्ट' परत 'गो' होऊन मागे बसणार. 'ही गोज'मधला 'एस'ही असाच, 'डज ही गो' म्हणताना 'डज'नं तो काढून घेतला. एका वाक्यात काळाचा खर्च एकदाच.

मराठी माणसाला एक सुख इंग्रजीत फुकट मिळतं, ते मात्र कुणी सांगत नाही. आपण 'आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं, शेंगा खाल्ल्या' म्हणतो. भूतकाळ आला की असं कर्म घेणारं क्रियापद बहुतेक वेळा कर्त्याला सोडून कर्माच्या मागं लागतं, आणि मी-तू, आम्ही-तुम्ही सोडले तर कर्त्याला वर 'ने' लावायचा. बाहेरून मराठी शिकणारा इथं रडतो. इंग्रजीत आंबा असो, चिंच असो, पोतंभर शेंगा असोत, 'एट'. तुम्ही खाल्लं, मी खाल्लं, सगळ्यांचं 'एट'.

आता नळावरचा धडा जिथं दगा देतो तिथं येऊ. 'आलंय' आणि 'हॅज कम' जुळे नाहीत. मराठीत मी बिनधास्त म्हणू शकतो, 'माल सोमवारीच पाठवलाय.' 'काल पैसे भरलेत.' कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. तेच उचलून आमच्या ऑफिसातली माणसं लिहायची, 'वुई हॅव शिप्ड ऑन मंडे'. इंग्रजीला हे चालत नाही. सोमवार बंद झालेला दिवस आहे. एकदा तारखेचं कुलूप लावलं की 'हॅव' आत शिरत नाही, तिथं 'वुई शिप्ड ऑन मंडे'. तारीख नसेल, तर 'वुई हॅव शिप्ड द गुड्स', आणि मग पुढच्या वाक्यात खुशाल 'द व्हेसल सेल्ड ऑन मंडे'. इंग्रजीत बातमी देणाऱ्यांची सर्रास पद्धत हीच: पहिलं वाक्य 'हॅव'मध्ये, तपशील साध्या भूतकाळात. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्या दिवशी फोनवर बाहेरगावच्या पाहुण्याला सांगताना 'दे हॅव ब्रॉट डाउन द चिमणी' बरोबर. आज सांगायचं तर 'दे ब्रॉट इट डाउन ऑन 15 जून 2023'. 'टुडे', 'धिस वीक', 'जस्ट', 'येट', 'नेव्हर' यांची मुदत अजून संपलेली नसते किंवा तारीखच नसते, म्हणून 'हॅव'शी त्यांचं जमतं.

यात एक गंमत मला बायरांनीच शिकवली. इंग्लंडचा माणूस लिहायचा, 'हॅव यू रिसीव्ह्ड अवर सॅम्पल येट?' अमेरिकेचा लिहायचा, 'डिड यू गेट अवर सॅम्पल येट?' दोघंही बरोबर. अमेरिकन बोलीत 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्यासोबत साधा भूतकाळ सर्रास चालतो. शाळेत हे सांगत नाहीत, आणि मग पोरगं सिनेमा बघून येतं नि विचारतं, सर, हिरोचं इंग्रजी चुकलं का?

दुसरा दगा 'पासून'चा. 'मी 2011पासून इथं राहतो.' मराठीत वर्तमानकाळ. माझ्याकडच्या पोरांना विचारलं, तर तेलुगूत आणि कन्नडमध्येही वाक्य वर्तमानातच राहतं. आपलं म्हणणं सरळ आहे, अजून राहतोय ना, मग वर्तमान. इंग्रजीला मात्र 'पासून' ऐकल्याबरोबर मागे वळून बघावं लागतं: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स 2011' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग'. चौथ्या ओळीच्या त्या अवघड खणाचं मुख्य काम हे. पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला जाणारी आमची पोरं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' म्हणतात. त्यात दोन दुरुस्त्या आहेत. 'ॲम वर्किंग'चं 'हॅव बीन वर्किंग'. आणि 'सिन्स'च्या पुढे सुरुवातीची खूण हवी, साल, वार, लग्न, बारावी. मोजलेला कालावधी असेल तर 'फॉर'. ओळख, माहिती, मालकी अशा स्थिर गोष्टींना 'आयएनजी' लागत नाही, त्यामुळे 'आय हॅव नोन हिम फॉर इयर्स', 'बीन नोइंग' नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'ही त्याच हिशोबात गेलं.

भविष्यकाळाबद्दल जास्त लिहावंसं वाटत नाही, कारण इंग्रजीत तसा तो नाहीच. भूतकाळाला 'ईडी' आहे, वर्तमानाला 'एस' आहे, भविष्याला क्रियापदाच्या अंगावर काहीच चिकटत नाही. 'विल' हा शेजारी उभा केलेला वेगळा शब्द. याचं सोलापूरकराला नवल वाटू नये. आपल्याकडे घरातून निघताना मराठी माणूस 'येतो' म्हणतो, कन्नड माणूस 'बरतीनी', तेलुगू माणूस 'वस्तानु'. तिघंही जायला निघालेत, तिघंही 'येतो' म्हणतायत. कन्नड-तेलुगूत तर नेहमीचं येणं आणि पुढचं येणं एकाच रूपात भागतं. आणि चहाच्या टपरीवरून 'आलोच' म्हणणारा मित्र तर भूतकाळात बोलतोय, अजून चप्पलही घातलेली नाही त्यानं. इंग्रजीही तसंच करते. वेळापत्रक असेल तर साधा वर्तमान: 'द हुतात्मा एक्सप्रेस लीव्ज अर्ली टुमॉरो'. तिकीट काढून झालंय, तर 'आय ॲम गोइंग टु पुणे टुमॉरो'. ढग दाटलेत, तर 'इट इज गोइंग टु रेन'. बसल्या जागी ठरवलं, किंवा नुसतं आश्वासन दिलं, तर 'विल'. बायर 'वुई विल शिप'वर का विश्वास ठेवत नव्हता, ते आता कळलं असेल. 'वुई आर शिपिंग ऑन फ्रायडे' लिहिलं की त्याला वाटायचं, ट्रक सांगितलेला दिसतोय.

'पाऊस आला तर'मध्ये आपण उद्याच्या पावसाला भूतकाळ लावतो. इंग्रजी वर्तमान लावते, 'इफ इट रेन्स'. 'विल' तिथं दोघांनाही नको.

'ईडी'चा उच्चार तीन तऱ्हांचा आहे, तो लहानपणीच कानावर पडला तर बरं. 'वॉश्ट', 'प्लेड', 'वॉन्टेड'. शेवटी ट किंवा ड असेल तरच 'एड' ऐकू येतो, बाकी ठिकाणी 'वॉशेड', 'वॉकेड' म्हणायचं नाही. आणि 'गो-वेन्ट-गॉन'ची यादी पाठ करण्यावाचून इलाज नाही. वाकडी क्रियापदं दोनशेच्या आसपास आहेत, पण दिवसभर लागणारी तीच: बी, हॅव, डू, से, गो, कम, टेक, सी. जास्त वापरातली असल्यानंच ती सरळ झाली नाहीत. रोज तोंडात असलेलं रूप कुणी विसरत नाही, त्यामुळे 'ईडी' लावायची वेळ येत नाही. 'वेन्ट' तर मुळात 'गो'चं नव्हेच, 'वेंड' नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ 'गो'नं आपल्या घरात आणून ठेवलाय.

परवा पोरांना मी डॉ. कोटणिसांवर पाच-सहा वाक्यं लिहायला सांगितली. भैय्या चौकात स्मारक आहे, सगळ्यांनी बाहेरून तरी पाहिलेलं. 'ही वॉज बॉर्न इन सोलापूर इन 1910. ही वेन्ट टु चायना इन 1938. ही डाइड देअर इन 1942.' सालं घातलेली असल्यानं भूतकाळ नीट आला. शेवटचं वाक्य एकानं लिहिलं, 'ही हॅज सेव्ह्ड मेनी सोल्जर्स.' तारीख नाही, मग 'हॅज' का नको, असा त्याचा मुद्दा, आणि मीच शिकवलेल्या नियमानं तो बरोबर होता. पण 'हॅज'ला कर्ता हयात लागतो. ज्याचा हिशोब मिटला, ज्याच्या आयुष्यात आता आणखी काही घडू शकत नाही, त्याला 'हॅज' लावता येत नाही. 'ही सेव्ह्ड'. मग 'द चायनीज हॅव नॉट फरगॉटन हिम' चालेल का? चालेल, चिनी लोक आहेत की.

यावर ती कन्ना चौकाकडची मुलगी म्हणाली, तिचे ताता, म्हणजे आजोबा, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, आणि ते घरी आहेत, धडधाकट आहेत. मग 'माय ग्रँडफादर हॅज वर्क्ड इन द मिल'?

नाही, 'वर्क्ड'. 'फॉर मेनी इयर्स' लावून 'हॅज वर्क्ड' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, उद्याही त्यांना पाळी आहे. ताता हयात आहेत, मिल नाही.

'मग सर, आईचं?' आई विड्या वळते. 'माय मदर हॅज रोल्ड बीडीज फॉर मेनी इयर्स,' ती आपणच म्हणाली, थोडं थांबली आणि 'हॅज बीन रोलिंग' असं बदलून घेतलं. दोन्ही चालतात, मी म्हणालो, पण दुसरं जास्त बरोबर वाटतं, कारण आत्ताही वळत बसली असेल.

'बसलीयच,' ती म्हणाली, आणि वहीत दुसरं लिहिलं.